पारीवरचे दिवे आणि चिखलातली सुई

सोमवार, २२ ऑक्टोबर २०१२

हिशेबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरी राहतात. वाया कशाला घालवायची. आजपासून त्यात रोजनिशी. रोज लिहायची, खाडाखोड न करता.

कारणही तसंच आहे. घरात परकं माणूस आलं. यांनी मला न विचारता सपरीला, म्हणजे पुढच्या ओसरीला, लागलेली खोली महिना-सव्वा महिन्यासाठी देऊन टाकली. मुलगी आहे. ओमेश्वरी बिसेन, तिरोड्याकडची. नागपूरला पीएचडी करते म्हणे. विषय विचारला तर म्हणाली, काकू, तलावाच्या चिखलात ऑक्सिजन किती खोल जातो ते मोजायचं आहे. म्हणजे चिखल श्वास कसा घेतो, असं समजा. मी दहावी पास आहे, एकोणऐंशी सालची. विज्ञानात अठ्ठावन्न मार्क होते. चिखलाला नाक नसतं एवढं मला कळतं.

शिवाय नवेगावबांध इथून नऊ किलोमीटर. एवढा मोठा तलाव सोडून ही आमच्या गावच्या तलावात कशाला उतरते? लक्ष ठेवायचं.

दुपारी नवसाची पहिली टोपली सोडली. यांचा गुडघा बरा व्हावा म्हणून मी नवरात्रापासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत पारीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, मातामायपुढे रोज एकशे आठ दिवे लावते. तेल आपल्याच मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, घाणीवरून काढून आणलेलं. विकतचं तेल देवाला नको. उरलेली ढेप, म्हणजे पेंड, सासूबाई शेतात टाकायच्या. मला ते कधी पटलं नाही. देवाच्या तेलाचं उरलेलं माणसाच्या पायाखाली कसं जाईल? दर सोमवारी आंघोळ करून ती टोपलीत घ्यायची, मातामायला दाखवायची आणि घाटाच्या शेवटच्या पायरीवरून पाण्यात सोडायची. सासूबाईंना हे सुचलं नाही.

बुधवार, २४ ऑक्टोबर. दसरा.

सोनं वाटायला ओमेश्वरीच्या खोलीत गेले. खरं म्हणजे बघायला गेले. पेटीत काचेच्या सुया. टोक केसापेक्षा बारीक, दिसतसुद्धा नाही. त्याला ती सेन्सर म्हणते. चिखल नळीत जसाच्या तसा काढून आणायचा, वरून ही सुई स्क्रू फिरवून एकेक केसभर खाली न्यायची, दर पावलाला लॅपटॉपवर आकडा. आधी कोकणात खाडीच्या चिखलात हेच करत होती. आता गोड्या पाण्याच्या चिखलात.

केसभर खाली, मग थांबायचं, मग आकडा. एवढ्या निगुतीने माणूस फक्त एकच गोष्ट शोधतो.

हा तलाव यांच्या पणजोबांच्या आज्याने बांधला. आम्ही कोहळी, तलाव बांधणं हे आमच्या घराण्याचं काम. बांधताना पारीत काहीतरी पुरलं होतं असं आत्तेसासूबाई म्हणायच्या. काय पुरलं ते म्हणायच्या नाहीत. ह्या पोरीला कुणी सांगितलं?

शनिवार, २७ ऑक्टोबर

सकाळी सहाला दिव्यांच्या वाती आवरायला घाटावर गेले. मासे धरणारा बकाराम ढिवर गुडघाभर पाण्यात. हातात टोपली, टोपलीत मेलेली मासोळी. मला पाहून दचकला. (दचकला असावा. पाठ माझ्याकडे होती.)

नऊ वाजता तोच सपरीत हजर. म्हणाला, "वयनी, घाटाच्या कोपऱ्यात मासोळी मरून राहिली जी. कोणीतरी टोरीची ढेप टाकून राहिलं."

मी विचारलं, तुला कसं कळलं ढेपच आहे म्हणून? म्हणाला, "आमी पाण्यातले लोक. ढेपेनं मासोळी गुंगते, वर येते, मरते. आमच्यातल्या पोरालेही ठावं आहे."

घ्या. स्वतःच्या तोंडाने सांगितलं. हे ज्याला येतं तोच करणार. जाळं भिजवायची मेहनत नाही, मासा आपोआप वर.

माझ्याही टोपलीत ढेपच असते हे माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण ती ढेप वेगळी. मातामायला दाखवलेली. तिने मासा मेला तर देवाला अर्थच काय राहिला? उलट माझ्या ढेपेमुळे काही मासे वाचले असतील.

सोमवार, २९ ऑक्टोबर. कोजागिरी.

दुसरी टोपली सोडली. पाणी शांत. मन प्रसन्न.

सपरीत चार नळ्या उभ्या केल्या आहेत. दोन तलावाच्या मधल्या, दोन घाटाजवळच्या. घाटाच्या नळ्यांना सडक्या अंड्याचा वास. देवघराच्या भिंतीपलीकडे. ओमेश्वरी म्हणाली, हा वास म्हणजेच पुरावा आहे काकू. मी म्हटलं, वासाला पुरावा म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, आमच्याकडे फिनाइल टाकतात. ती घाबरून नळ्यांसमोर उभी राहिली. एवढं काय आहे त्यात?

गुरुवार, १ नोव्हेंबर

ती बाजाराला गेली तेव्हा घाटाच्या एका नळीत थोडं गोमूत्र घातलं. फार नाही, एक पळी. शुद्धीकरण झालं, वास थोडा दबला. आता माझ्या देवघराला दोष नाही.

संध्याकाळी स्क्रू फिरवताना तिच्या कपाळावर आठ्या. आकडे भलतेच येत आहेत म्हणाली. "काकू, ह्या नळीत कोणी काही टाकलं का?" मी नाही म्हणाले. खोटं नाही ते. तिने "काही" विचारलं होतं. गोमूत्र हे काही नाही.

नळी फेकून दिली आणि परत तलावात उतरली. त्या पोरीला चिकाटी आहे. कशापायी, तेच शोधायचं.

रविवार, ४ नोव्हेंबर

आता नवीनच. हे तिच्या शेजारी स्टूल टाकून स्क्रू फिरवत बसतात. दुखऱ्या गुडघ्याने स्टुलावर दोन तास. देवळात पाच मिनिटं बसवत नाही. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, माझ्याशी एका बैठकीत एवढं बोलले नाहीत.

जेवताना सांगत होते. तलावाच्या मधल्या चिखलात ऑक्सिजन हळूहळू कमी होत चार मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणजे चिखल जिवंत आहे, त्यात बारके किडे राहतात, त्या किड्यांवर मासे जगतात. घाटाजवळच्या चिखलात वरच्या वरच शून्य. खाली नुसता विषारी वायू. "तिथं कायतरी सडून राहिलं," म्हणाले. वांग्याची भाजी कशी झाली ते म्हणाले नाहीत.

पण मुद्दा पटला. म्हणजे सोन्याबिन्याचं नाही. सुई बकारामचं पाप शोधते आहे. मी ह्या मुलीला उगाच वाईट समजत होते. उद्यापासून तिला दूध घातलेला चहा.

मंगळवार, ६ नोव्हेंबर

काल तिसरी टोपली. आज मेलेले मासे जास्त. बकाराम निर्ढावला आहे.

मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष उदारामजी यांना अर्ज लिहिला. चार मुद्दे. एक, बकाराम पहाटे घाटावर असतो. दोन, मेलेले मासे त्याच्याच टोपलीत असतात. तीन, ढेपेची विद्या त्याला येते, त्याने कबूल केलं आहे. चार, त्याच्या तोंडावर पश्चात्ताप दिसत नाही. तीन कागद वाया गेले, पण चौथ्याला शेवटची ओळ उत्तम जमली: "सबब तलावाचे पावित्र्य राखण्यात यावे." तलाव बांधणाऱ्या घरची सून म्हणून सही.

धाकटी जाऊ प्रेमिला वाचून म्हणाली, "बाई, ढेप तं तुमीबी टाकता ना?" हिच्या घरी अकराच दिवे लागतात. माझे एकशे आठ बघून पोटात दुखतं, दुसरं काय.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

माझ्या अर्जाची दखल. संस्थेने बकारामचं जाळं बंद केलं, पंचवीस तारखेच्या सभेपर्यंत. सभेत दोष सिद्ध झाला तर घाटाचा कोपरा त्याच्याकडून कायमचा काढणार. संस्थेत ज्याचा त्याचा कोपरा ठरलेला असतो. घाटाचा त्याचा, त्याच्या बापापासून.

दुपारी त्याची बायको शामकला आली. सपरीत चढली नाही, अंगणातच उभी. म्हणाली, "वयनी, तुमच्या सहीनं जाळं बंद झालं. आता आमी खावाचं काय? पारीवरची माती?" मी म्हटलं, खरं असेल तर घाबरायचं कशाला, सभेत निघेलच. म्हणाली, "निघन तेव्हा निघन. चूल आज पेटवा लागते."

पाणी विचारलं, घेतलं नाही. बाईला अहंकार फार.

दिवसभर डोकं दुखतंय. ऊन असेल.

मंगळवार, १३ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन.

काल चौथी टोपली. आज दिव्यांची रांग पारीवर दूरवर. सगळं गाव बघायला आलं, आरती झाली. फक्त पाण्याच्या बाजूने वास येत होता म्हणून लोक लवकर गेले.

बकारामच्या घरासमोर दिवा नव्हता. त्याचं मन त्याला खातं आहे, हा त्याचाच पुरावा. अर्जात पाचवा मुद्दा घालायला हवा होता.

मंगळवार, २० नोव्हेंबर

आता गंमत. जाळं बंद होऊन अकरा दिवस झाले, बकाराम पाण्याजवळ फिरकत नाही, तरी मासे मरतात. काल पाचवी टोपली सोडायला गेले तर पायरीवरच सात पडलेले. म्हणजे बकारामने कुणाला तरी सुपारी दिली. गुन्हा मोठा होतो आहे.

रात्रीच्या जेवणाआधी ओमेश्वरी स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली. नळी उजेडात धरून दाखवली. चिखलात तपकिरी रेघा, एकावर एक. "पाच थर आहेत काकू. आठ-आठ दिवसांनी पडल्यासारखे. सुई प्रत्येक थराशी तेच सांगते. वरचा थर कालचा असावा." मी म्हटलं, वा, हेच सभेत सांग. तर म्हणाली, "काकू, तुम्ही सोमवारी टोपलीत काय नेता?"

मी म्हटलं, देवाचं आहे, विचारू नये.

ती म्हणाली, काकू, सभा व्हायच्या आधी तुम्हीच अध्यक्षांशी बोलून घ्या ना. मी स्वतःहून कोणाचं नाव घेणार नाही. पण मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.

हिला सभेची भीती वाटते. कोवळं वय. धीर दिला.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

धीराची गोष्ट नव्हती. प्रेमिलाने पाहिलं, ओमेश्वरी बकारामच्या ओट्यावर बसून काळा चहा पीत होती. फितली. माझा दूध घातलेला चहा पिऊन फितली. उद्यापासून बिनदुधाचा.

पण सुई फितत नाही. आकडे लॅपटॉपमध्ये आहेत. सभेत सगळ्यांसमोर मीच प्रश्न विचारणार. संकल्प: आवाज स्पष्ट, वाक्यं छोटी, शेवटपर्यंत उभं राहायचं.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "नोको जाऊ." कायले, विचारलं, तर म्हणाले, "गुडघा दुखून राहिला." ह्यांच्या गुडघ्याचा आणि सभेचा काय संबंध?

रविवार, २५ नोव्हेंबर. सभेचा दिवस. दुपारी ३ वाजता.

सगळं क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे कुणी उलटसुलट सांगितलं तर आपल्याकडे नोंद राहील.

मंदिरासमोर सतरंजी. संस्थेचे लोक, बाकी गाव, बायकासुद्धा. बकाराम एका टोकाला, शामकला त्याच्या मागे. उदारामजींनी माझा अर्ज वाचला. शेवटच्या ओळीला माना हलल्या. मग मी उभी राहून म्हटलं, आता ओमेश्वरीबाईंनी सांगावं, सुईला काय सापडलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने दोन नळ्या टेबलावर ठेवल्या, एक मधली, एक घाटाची. हळू आवाजात सांगितलं. घाटाजवळ दहा-बारा हात चिखल मेला आहे. पाच थर. तपासले, टोरीच्या ढेपेचे आहेत. शेवटचे दोन थर जाळं बंद झाल्यानंतरचे. कोणी टाकले ते सुई सांगत नाही.

कुणी पुढे होऊन नळी हुंगली, नाक धरून मागे सरला. हसले लोक.

उदारामजी म्हणाले, "ढेप असन तं बकारामच."

बकाराम उठला. "माह्या घरी टोरीचं एक झाड तरी आहे काजी? घाणीवर माहं पोतं कोणी पाह्यलं? मेलेली मासोळी मी वेचून राहिलो होतो, पाणी नासू नये म्हणून."

उदारामजी चिडले. म्हणाले, "ज्याची असन त्याची. पण असला सडका कचरा तलावात टाकणाऱ्याले लाज नाही. जनावरबी पाण्यात घाण करत नाही."

मी उभीच होते. म्हटलं, "कचरा म्हणायचं नाही. मातामायच्या दिव्याची ढेप आहे ती. दर सोमवारी आंघोळ करून, ओल्या लुगड्याने, हात जोडून सोडलेली आहे. एक कणसुद्धा मी पायाला लागू दिला नाही."

उदारामजींनी चष्मा काढला. ओमेश्वरी खाली बघत होती. मी आवाज स्पष्ट ठेवला होता, वाक्यंही छोटी होती. शेवटपर्यंत उभं राहायचं हे तेवढं चुकलं. आधी बसायला हवं होतं.

मागून ह्यांचा आवाज आला, "बस आता." बसले.

सोमवार, २६ नोव्हेंबर

सोमवार. टोपली नेली नाही. पोत्यात ढेप आहे. पोतं सपरीत सरकवलं. मग आत आणलं. मग परत बाहेर.

काल सभेने ठरवलं: बकारामचं जाळं सुरू. माझं नाव इतिवृत्तात घ्यायचं नाही, घराण्याकडे बघून. उदारामजींनी सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं. नंतर वाटलं, बकारामचं नाव तर अर्जात पहिल्या ओळीत होतं. ते कुठल्या घराण्याकडे बघून?

माझ्या बाजूनेही मुद्दे आहेत. एक, हेतू शुद्ध होता. दोन,

दोन नंतर लिहीन.

मंगळवार, २७ नोव्हेंबर

ओमेश्वरी सामान बांधते आहे. विचारलं, कोपरा कधी बरा होईल? म्हणाली, ढेप पडणं थांबलं तर पावसाळ्यानंतर वरचे एक-दोन मिलिमीटर परत जिवंत होतील. त्याआधी तिथे मासा फिरकणार नाही. म्हणजे बकारामचं जाळं सुरू झालं, पण टाकायला कोपरा नाही. वर्षभर.

मग म्हणाली, "काकू, त्या पहिल्या नळीत गोमूत्र होतं ना? मला वासावरून कळलं होतं." मी म्हटलं, बोलली का नाहीस? "तुमच्या घरी राहत होते."

चहात दूध घातलं.

संकल्प: उद्या बकारामच्या घरी जायचं आणि चुकलं म्हणायचं. एवढा एकच शब्द. पाठ करायची गरज नाही.

बुधवार, २८ नोव्हेंबर. कार्तिक पौर्णिमा.

नवस पूर्ण. दिवे एकशे आठ. बकारामकडे जाणं जमलं नाही. पौर्णिमेच्या दिवशी असलं बोलू नये असं वाटलं.

गुरुवार, २९ नोव्हेंबर

डोकं दुखत होतं. शिवाय बाजाराचा दिवस. उद्या नक्की.

शुक्रवार, ३० नोव्हेंबर

दहाला निघाले. सोबत काही नेलं नाही. नेलं असतं तर मदत दिल्यासारखं झालं असतं आणि शब्द राहून गेला असता. हे मी नीट विचार करून ठरवलं.

बकारामच्या दाराला कडी. शेजारची म्हातारी म्हणाली, "ते तं धान कापाले जाते ना बाई. दोन-तीन हप्ते झाले." कुणाच्या शेतात, विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "काऊन, तुमच्याच तं बांधीत."

शेतावर जायला अर्धा तास लागतो. मला पाऊण लागला.

आमच्या तळ्याकडच्या बांधीत पाच-सहा जण वाकलेले. बकाराम ओळखू आला, पाण्यातला माणूस, विळा नीट धरत नव्हता. शामकला पेंढ्या बांधत होती. हे शेताच्या धुऱ्यावर बसले होते, दुखरा पाय लांब करून. मला पाहून उठले. जाळं बंद झालं त्या आठवड्यापासून यांनी दोघांना कामावर लावलं होतं आणि तीन आठवडे मला सांगितलं नाही. एवढं घरातलं कुणी माझ्यापासून लपवावं, एवढी मी संशयी आहे का?

शब्द जिभेवर होता. बकारामने मान वर केली, परत कापायला लागला. शामकला कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

म्हणाली, "वयनी, पाणी आणा ना जरासं. मडकं त्या मोहाखाली आहे."

मडकं उचललं. आणलं. आधी तिच्या ओंजळीत ओतलं, मग बकारामच्या. त्याची ओंजळ मोठी, भरायला वेळ लागला. तेवढ्या वेळात म्हणायचं ठरवलं. तोंड उघडलं आणि निघालं ते, "आणखी पाहिजे का?"

शामकलाने ओंजळ परत पुढे केली. मग म्हणाली, "द्या."